काठात विणलेलं नाव

हिरालाल येणार नाही, याबद्दल सोनकुसऱ्यांच्या घरात एकमत होतं. या घरात एकमत होण्याचे प्रसंग थोडे, त्यामुळे सकाळपासून सगळेच ते जपत होते. तो येणार नाही म्हणून शोभाताईंनी त्याच्यापुरती बिनलसणाची, कोथिंबीर भरलेली सांबारवडी वेगळ्या डब्यात काढून ठेवली होती. मधुकररावांच्या मुलानं, कुंदननं, बैठकीतली पंख्याखालची खुर्ची पुसून रिकामी ठेवली होती आणि तिच्यावर बसणाऱ्या दोघा पाहुण्यांना उठवलं होतं. मधुकरराव स्वतः तर काहीच करत नव्हते. फक्त चपला नीट लावायच्या निमित्तानं ते चार वेळा दारापर्यंत जाऊन आले होते.

मधुकरराव आणि हिरालाल या दोघा सख्ख्या भावांची घरं मोहाडीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर. पण भंडाऱ्याच्या त्या प्रदर्शनानंतर दोघांपैकी कुणी ते अंतर चालून गेलं नव्हतं. तिथे दोघांची दुकानं शेजारी-शेजारी लागली होती. एक गिऱ्हाईक बाई हिरालालची करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी बोटांनी चाचपून पाहत होती आणि मधुकररावांनी आपल्या टेबलाच्या मागून, विचारलं नसताना, सांगून टाकलं होतं, "ते मशीनवरचं आहे, बाई. हातमाग तर त्यानं केव्हाच मोडला." हिरालालनं ऐकलं, साड्यांची घडी घातली आणि दुपारच्या एसटीनं निघून गेला. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. कुंदनच्या लग्नालाही तो आला नाही.

आणि आज, कुंदन-रेणूच्या पोराच्या बारशाला, मधुकररावांना आत कुठेतरी हेच खुपत होतं, की आज आला नाही तर तो यायचाच नाही. पोरांची बारशी या घरात पुन्हा होतील न होतील. दोघांचीही वयं उतरली.

साडेअकराच्या सुमारास हिरालाल आला. स्वच्छ धोतर, बगलेत पिशवी, चेहऱ्यावर आपण चुकून या घरात शिरलो असा भाव. घरातलं एकमत तिथल्या तिथे मोडलं.

"काकाले म्हना, पंख्याखाली बसा," मधुकरराव कुंदनला म्हणाले.

"तुझ्या बाबाले सांग, मले थंडी वाजते," हिरालालही कुंदनलाच म्हणाला आणि पंख्याखाली बसला.

दोघे हातभर अंतरावर होते. कुंदननं दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवले. मग पाणी, मग चहा, मग 'साखर कमी आहे' आणि 'डॉक्टरनं कमीच सांगितली', असं सगळं कुंदनच्या मार्फत पार पडलं. गावातली टपाल कचेरी बंद पडली असती तरी हा पोरगा एकट्यानं चालवू शकला असता.

हिरालाल आला तो रेणूमुळे, हे मधुकररावांना शोभाताईंकडून तेव्हाच कळलं. सून आठवड्यापूर्वी सासऱ्याला न विचारता काकांच्या दारात गेली होती. आमंत्रण तोंडानं दिलंच नाही, लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "काका, मी जरा पानी पिऊन येतो." ती आत काकूंशी अर्धा तास बोलत बसली. मांडीवर झोपलेलं पोरगं परत करता येत नाही. हिरालाल अर्धा तास तसाच बसून राहिला आणि अडकला.

"पोरगी वकील व्हायची होती," मधुकरराव बायकोला हळूच म्हणाले.

"शाळेत शिकवते तेच बरं आहे," शोभाताई म्हणाल्या. "वकील असती तर तुमी दोघं भाऊ जेलात असता."

या घराची एक रीत होती. नाव आत्यानं ठेवायचं, हे सगळीकडेच असतं. पण सोनकुसऱ्यांकडे आत्या ते नाव आधी कुणाला सांगत नसे. पाळण्यावर घालायचं पांघरूण ती स्वतः मागावर विणायची आणि नाव त्याच्या काठात विणायची. पाळण्यापाशी घडी उघडली की सगळ्यांनी पहिल्यांदा वाचायचं, मग आत्यानं बाळाच्या कानात ते सांगायचं, की नाव लागलं. जे विणलं ते विणलं. वादाला जागाच नको म्हणून जुन्यांनी घातलेली ही रीत. जुन्यांना रेणू ठाऊक नव्हती.

आत्या म्हणजे कुंदनची बहीण रिता. तिनं पांघरूण आणलं, पाळण्याच्या कडेवर ठेवून घडी उलगडली. कोशाचं पिवळसर रेशीम, लाल करवती काठ, आणि काठात लाल जमिनीवर पिवळी अक्षरं. पाळणा म्हणायला बोलावलेल्या शेजारच्या सत्यभामाबाई चष्मा सावरून पुढे वाकल्या.

"वा... सि... ल," त्यांनी वाचलं. पाळण्याचं पहिलं कडवं त्यांच्या ओठांवर तयार होतं, ते तिथेच राहिलं. "हे कोनत्या देवाचं नाव आहे, वो?"

"देवाचं नाही, मावशी," रेणू म्हणाली. "मानसाचं आहे."

"पन कुठचं?"

"अरबी."

आत चुलीवरच्या घुगऱ्यांची फदफद बैठकीपर्यंत ऐकू यायला लागली.

"वसुलीवाला वाटते," हिरालाल म्हणाला.

"मी हेच म्हननार होतो!" मधुकरराव म्हणाले.

हा निरोप पोचवायला कुंदननं तोंड उघडलं होतं. ते त्यानं पुन्हा मिटलं. शोभाताईंनी घुगऱ्या ढवळता ढवळता चमचा हवेत धरला. रितानं रेणूकडे पाहिलं. ज्या दोघांनी थेट एकमेकांना उत्तर दिलं होतं, त्यांच्या मात्र ते लक्षात आलं नाही. ते दोघेही संतापले होते आणि संताप चांगला चालू होता.

"मोहाडीत नावं संपली का गा?" हिरालाल.

"तेच म्हनतो ना मी! संपली का?"

"रुद्र ठेवा, ओम ठेवा..."

"रुद्र तीन आहेत, काका," कुंदन चाचरत म्हणाला. "मागच्या गल्लीत. एकाची माय जेवाले हाक मारते तं तिघं येतात. म्हून आमी ठरवलं, की तालुक्यात कोनाचं नसन असंच नाव पाहिजे."

"मग असं पाहिजे का, की तालुक्यात कोनाले घेताच येनार नाही?"

"घेता येते, काका," रेणू म्हणाली. आवाज तिनं वर चढवला नाही. शाळेत चढवायचा असतो, घरी उतरवायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. "तुमीच आता बरोबर बोलले. वसूल अन वासिल एकाच घरातले शब्द आहेत. वसूल म्हनजे पोचलेलं. वासिल म्हनजे जुळलेला, जोडनारा."

"जोडनाराच पाहिजे होता तं आपल्यात शब्द नाही का?"

"पाहिले ना मी. योजक सापडलं, संयोजक सापडलं." तिनं क्षणभर थांबून विचारलं, "संयोजक कुंदन सोनकुसरे. कसं वाटते?"

"गणपतीच्या पत्रिकेवरचं वाटते," शोभाताई आतून म्हणाल्या.

मधुकररावांना हसू आलं होतं, पण ते आपल्या पक्षाच्या विरोधात गेलं असतं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"तुले कोनं सांगितलं याचा अर्थ? मोबाईलनं?" हिरालालनं विचारलं.

"पहिलं मोबाईलनंच. त्याचा भरोसा नाही म्हून एसटीत विचारलं. भंडाऱ्याच्या उर्दू शाळेतल्या एक मॅडम रोज आमच्या गाडीत असतात. त्या आधी हसल्या. म्हने, ये नाम आपको कहाँ मिला? हमारे यहाँ भी बहुत कम रखते हैं. जन्मात दोघंच भेटले म्हने त्यांना या नावाचे. मग त्यांनी अर्थ सांगितला, अन मी उतरायचा थांबा विसरून पुढं गेलो."

"असा काय अर्थ आहे?"

रेणूनं पदर सावरला. "मानूस आपल्याशी चांगला वागला म्हून आपनही चांगलं वागलो, तर त्याले वासिल नाही म्हनत. ते नुसतं देनं-घेनं झालं. समोरच्यानं नातं तोडलं तरी जो जोडूनच ठेवते, तो वासिल. एवढ्या गोष्टीसाठी त्यांनी एक आख्खा शब्द ठेवला आहे, बाबा. आपल्याले हेच सांगायचं तर कीर्तन लावावं लागते."

यावर बैठकीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी वर पाहावं असं त्या पंख्यात काहीही नव्हतं.

मधुकररावांना तो अर्थ आवडला. आवडला म्हणजे छातीत जाऊन बसला. साठ वर्षं सूत जोडण्यात गेलेल्या माणसाला तुटलेला धागा जोडण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण शेजारच्या खुर्चीवर हिरालाल होता आणि हिरालालला नाव पसंत नव्हतं. नाव पाहिजे की भाऊ पाहिजे, असा तो हिशेब होता, आणि मधुकररावांनी तो पटकन सोडवला. नावं पुन्हा सापडतात.

"अर्थ काहीही असो," ते म्हणाले, "या घरात तिकडची नावं चालत नाहीत. आजवर चालली नाहीत."

"चालली ना, बाबा," रेणू म्हणाली. "आजेसासऱ्यांचं नाव दौलतराव."

"मग?"

"दौलत अरबीच आहे."

त्या क्षणी दोघे भाऊ एकदम उभे राहिले. पंखा, खुर्ची, थंडी, प्रदर्शन सगळं मागे पडलं.

"आमचे बाबा," हिरालाल बोट रोखून म्हणाला, "अरबी नव्हते!"

"आंधळगावचे होते ते!" मधुकरराव म्हणाले.

"आंधळगावचे! कोनालेही विचार!"

"दादा, हिले सांग ना बाबाचं."

"काय सांगू, हिरू, आजच्या पोरीले!"

दादा. हिरू. सत्यभामाबाईंनी पाळणा गाण्यासाठी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. शोभाताई चमचा हातात घेऊन दारापर्यंत आल्या, दोघांकडे बघितलं आणि रेणूच्या कानाशी लागल्या. त्यांनी हळूच म्हटलं खरं, पण त्यांचं हळू मधुकररावांना चाळीस वर्षांच्या सवयीनं ऐकू यायचं.

"अजून ठेवलं बी नाही पोराचं नाव," त्या म्हणाल्या, "अन ते कामाले लागलं."

मधुकररावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण कान लाल झाले.

"कानात सांगितलं का, रिते?" हिरालालनं विचारलं.

"नाही, काका."

"मग नाव लागलं नाही. कानात जाईपर्यंत लागत नाही, बाबा असंच म्हनत. काठातलं उसवलं की झालं. दादा, सुई आन."

हातमाग मागच्या खोलीत होता. दोघे पांघरूण घेऊन तिकडे गेले आणि दार लोटून घेतलं. खिडकीतून ऊन मागाच्या बसायच्या फळीवर पडलं होतं. हिरालाल तिच्यावर आपल्या जुन्या जागी, डाव्या अंगाला, बसला. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं आणि कुणी सरक म्हटलं नाही.

"वरून घातलेला धागा असन," तो म्हणाला. "एक टोक सापडलं की सर्रकन निघते. पाच मिनिटांचं काम. त्याच्यावर आपन 'विठ्ठल' घालू."

"अक्षरं तीनच आहेत काठात. विठ्ठल मावते का?"

"मावते. घट्ट घालू."

हिरालालच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, त्याला टोक दिसेना. मधुकररावांना दिसत होतं, पण बोटं थरथरत होती. म्हणून एकानं पाहायचं आणि दुसऱ्यानं सुई चालवायची असं ठरलं. "डावीकडं... अजून... थांब, आता खाली." सुई 'ल'च्या पोटात शिरली आणि अडली. मधुकररावांनी पांघरूण उलटं केलं. उलट्या बाजूला सुटी टोकं असायला हवी होती. नव्हती. मागूनही पुढच्यासारखंच स्वच्छ, वाचता येण्याजोगं.

"हे वरून घातलेलं नाही, हिरू."

"मग?"

"अडकवून विणलं आहे. करवतीसारखं. अक्षराचा धागा जमिनीच्या धाग्यात घालून परत फिरवला आहे. प्रत्येक ओळीले." त्यांनी कापड उजेडात धरलं. "उसवलं तर अक्षर नाही जात. भोक पडते."

हिरालालनं कापड हातात घेतलं. डोळ्याचं काम त्यानं बोटांवर सोपवलं. 'व'ची गोलाई, 'सि'ची वेलांटी, 'ल'चं वळण, सगळं चाचपून पाहिलं. गिऱ्हाईक बाई चाचपते तसं नव्हे. आंधळगावच्या विणकर दौलतरावांच्या पोरानं चाचपावं तसं.

"वेलांटी अडकवून विणनं म्हनजे..." तो थांबला. "अशी गोल येत नाही ती. पायऱ्या पायऱ्या पडतात. या पोरीनं गोल आनली."

"भारीच विणलं आहे," मधुकरराव म्हणाले. मग कापड डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले. "हिरू, फिरवताना धागा खालून घेतला आहे. आपल्या घरी सगळे वरून घेतात. मी वरून घेतो, बाबा वरून घेत. खालून एकच मानूस घेते."

हिरालाल खिडकीबाहेर पाहायला लागला. बाहेर शेजाऱ्याची बकरी सोडून पाहण्यासारखं काही नव्हतं.

"रिता येत होती," तो शेवटी म्हणाला. "दुपारी. तू झोपला की. दोन महिने आली. म्हने, काका, अक्षरं अडकवून शिकवा. मले काय माहीत कोनती घालनार आहे? मी वर्णमाला शिकवली. नाव नाही शिकवलं."

"कशावर शिकवली?"

"कशावर म्हनजे?"

"माग..." मधुकररावांनी कापड खाली केलं. "माग आहे तुझ्याकडे?"

"बाबाचा, माझ्या वाट्याले आलेला, तोच. तो कुठं जाईन?"

"चालू आहे?"

"रोज चालू आहे. मशीन पोट्ट्यांनी घेतली, ती समोरच्या खोलीत. मी आपला मागच्या खोलीत." हिरालाल अजून बकरीकडेच पाहत होता. "त्या गल्लीतून तू जातच नाही. आवाज कुठून येईन?"

मधुकररावांनी सुई मागाच्या तुळईत टोचून ठेवली, आणि पांघरुणाची घडी घालायला घेतली. एक टोक त्यांनी हिरालालपुढे धरलं. घडी एकट्यानंही घालता आली असती. हिरालालनं टोक धरलं. दोघांनी मिळून कापड झटकलं, चौघडी केली, आणि मधल्या घडीशी हात एकमेकांना लागले तेव्हा कुणी ते मागे घेतले नाहीत.

"म्हनजे हे नाव उसवत नाही, याले जबाबदार तू," मधुकरराव म्हणाले.

"मले फसवलं पोरींनी."

"मलेही."

"तुले तं रोजच फसवत असतीन."

हे म्हणून हिरालाल हसला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि मधुकररावांनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जरा जास्तच जोरात.

दोघे बैठकीत आले तेव्हा सगळे होते तसेच बसले होते, फक्त घुगऱ्या सरल्या होत्या. मधुकररावांनी पांघरूण पाळण्यावर पसरलं, काठ वर येईल असं.

"उसवत नाही," ते म्हणाले. "दोघांनीही पाहिलं."

"मग काय करायचं, बाबा?" रेणूनं विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. तिचा सगळा खेळ या एका उत्तरावर येऊन थांबला होता.

मधुकररावांनी भावाकडे पाहिलं. हिरालालनं ना हो म्हटलं ना नाही. तो आपली पिशवी शोधत होता, आणि ते मधुकररावांना दिसलं. पिशवी सापडली की माणूस उठतो, उठला की चपला घालतो. पण हे नाव विणणाऱ्या हातांना ज्यानं शिकवलं, त्यालाच खूश ठेवण्यासाठी ते फाडायचं? त्यांना ते जमेना. आणि खरं सांगायचं तर त्यांना आता ते नाव मनापासून हवं होतं.

"रिते, सांग कानात," ते म्हणाले.

रितानं वाकून कुर्र केलं. पोरानं डोळे उघडले आणि आत्याच्या तोंडावर जांभई दिली. सत्यभामाबाईंनी अखेर पाळणा सुरू केला. त्यांना वासिलला जुळणारा शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी तीन कडव्यांत नुसतं 'बाळा'वर काम भागवलं, आणि चौथ्यात हिय्या करून वासिलची गाठ मोहाडीच्या तलावाशी घातली. जुळलं नाही, पण कुणाची तक्रार नव्हती. कुंदन पेढे वाटत सुटला. शोभाताई वेगळ्या डब्यातली सांबारवडी घेऊन आल्या.

हिरालाल पिशवी घेऊन उभा होता.

"वहिनी, डबा बांधून दे," तो म्हणाला. मग पाळण्यापाशी आला, पोराकडे पाहिलं, काठावरून एकदा बोट फिरवलं आणि मधुकररावांकडे वळला. कुंदन जवळच होता. त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"दादा, एक सांगून ठेवतो. मी याले या नावानं हाक मारनार नाही."

"नको मारू."

"मरेपर्यंत मारनार नाही."

"बरं."

"रोज येऊन सांगीन तुले, नाही मारनार म्हून."

"सकाळी येजो," मधुकरराव म्हणाले. "दुपारी मी झोपतो."